धरण छोटं, मग धोकाही छोटा? मातीच्या धरणांचं वर्गीकरण कसं होतं?

2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडीतली घरं वाहून गेली, 20 हून अधिक जणांचा जीव गेला. मातीच्या या धरणाची साठवण क्षमता होती सुमारे 20 लाख घनमीटर, म्हणजे कोयनेच्या एक हजारांश भागाच्या आसपास.

मग अशा धरणाला छोटं म्हणायचं की धोकादायक? दोन्ही. कारण धरणं मोजायच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत आणि सोशल मीडियावर फिरणाऱ्या याद्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते.

एक पट्टी आकाराची. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीची धरणं काही अटींवर त्यात येतात, उदाहरणार्थ साठा किमान 10 लाख घनमीटर किंवा लांबी किमान 500 मीटर असेल तर. 10 मीटरपेक्षा कमी उंचीचे गावोगावचे पाझर तलाव त्यात येत नाहीत.

दुसरी पट्टी प्रकृतीची. तपासणीत गंभीर, धरण फुटू शकेल असे दोष आढळले तर श्रेणी 1, तातडीने दुरुस्ती हवी असेल तर श्रेणी 2, वर्षभरात उरकण्यासारखी किरकोळ कामं असतील तर श्रेणी 3.

तिसरी पट्टी धरणाकडे बघतच नाही. ती खाली कोण राहतं ते बघते. नवंकोरं, भक्कम धरणही त्याच्या पायथ्याशी वाडी असेल तर 'जास्त धोक्याचं' ठरतं. याचा अर्थ ते फुटायला आलंय असा नाही, फुटलं तर माणसं जातील असा आहे. खाली वस्ती वाढली की धरणात काहीही न बदलता हा धोका वाढतो.

छोट्या धरणाची खरी मेख सांडव्यात आहे. भारतीय मानकानुसार लहान धरणाचा सांडवा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. ऐकायला हे निवांत वाटतं. पण 50 वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के निघते. पाणी माथ्यावरून वाहू लागलं की मातीचा भराव झपाट्याने कापला जातो.

तिवरेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरलं होतं. बिळांमुळे पाण्याला वाट मिळू शकते, हे खरंच. पण बिळं एका रात्रीत होत नाहीत. पावसाळ्याआधीची तपासणी त्यासाठीच असते, आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

पायथ्याशी थोडं नितळ पाणी पाझरणं मातीच्या धरणात नेहमीचंच. ते गढूळ झालं, तर आतली माती वाहून जातेय. पाझर अचानक वाढला, माथ्यावर भेग पडली किंवा भराव खचला, तरी थांबू नये. तलाठी किंवा तहसीलदारांना कळवावं, किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करावा.