एकवीरेची गाणी आणि ताणलेला ठेका

चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा देवीला रायगड, ठाणे, मुंबईकडचे कोळी-आगरी भाविक पालख्या घेऊन येतात आणि वाटेवर स्पीकर गर्जत असतात. त्यावर कॅसेटच्या जमान्यातली कोळीगीतंही वाजतात, पण वेग वाढवून, रिमिक्स होऊन. हा वेग वाढवण्याच्या पद्धतींचा गेल्या काही दशकांचा मागोवा घेतला, तर सॉफ्टवेअर सुधारत गेलं तसा ठेकाही सुधारला, असं म्हणवत नाही. टेप जोरात फिरवली की सूर चढायचा. समजा, 100 बीपीएमचं (मिनिटाला 100 ठोक्यांचं) गाणं 120वर नेलं, तर काळी-पांढरी धरून तीन पट्ट्यांहून थोडं जास्तच. 1980च्या दशकाच्या अखेरीस अकाईच्या सॅम्पलरांनी सूर न हलवता लांबी बदलायची सोय दिली, 1994मध्ये रीसायकल या सॉफ्टवेअरने नाद थापेथापेशी कापून दाखवला आणि 2001मध्ये एबलटन लाइव्हने वॉर्पिंग, म्हणजे खुणा लावून नाद हवा तसा ताणणं, हाताशी आणून दिलं. आज एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये रिसॅम्पल (टेपसारखं सुरासकट वेग बदलणं), स्लाइस (थापेथापेशी कापणं), इलास्टिक (सूर न हलवता ताणणं) सगळं एकाच यादीत मिळतं, आणि बहुतेक जण गाण्याला एकच पर्याय लावून मोकळे होतात. खरी गफलत तिथेच होते.

सूर न हलवता ताणणारी फेज व्होकोडर जातीची पद्धत नादाचे तुकडे पाडून त्यातल्या लहरी नव्याने जुळवते. 44.1 किलोहर्ट्झवर 2048 नमुन्यांचा तुकडा म्हणजे सुमारे 46 मिलिसेकंद. ढोलकीच्या थापेची धार याहून कितीतरी लहान असते, म्हणून ती पसरते आणि 'टण्'चं 'ठ्ठफ' होतं. गायकाचा लांबलेला सूर मात्र याच पद्धतीत सुरेख राहतो. ढोलकीला स्लाइस बरा, कारण थाप जशीच्या तशी राहते आणि फक्त पुढे-मागे सरकते. पण तुकडे ग्रिडला, म्हणजे समान अंतरांच्या चौकटीला, चिकटवले की कोळीगीताच्या सहा मात्रांचा झोका मोडतो. वादक जी थाप किंचित मागे ठेवतो, तीच तर नाचवते. शिवाय क्लिकशिवाय (मेट्रोनोमविना) वाजवलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणात वेग स्थिर नसतो. तेव्हा सगळ्या गाण्याला एक बीपीएम ठोकण्यापेक्षा दर आवर्तनाच्या समेवर वॉर्प मार्कर लावणं चांगलं.

यावर कोणी म्हणेल की भोंग्यांच्या गदारोळात एवढं ऐकू कोणाला येतं? येतं. सुरातला बारकावा तिथे हरवतो, पण पाय थापेच्या धारेवरच पडतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कॅसेटमध्ये गायक आणि वाद्यं एकत्रच मिसळलेली, मग प्रत्येकाला वेगळी पद्धत लावायची कशी? 2019मध्ये डीझर कंपनीने गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं स्प्लीटर खुलं केल्यावर ही अडचण बरीच सुटली. आवाज आणि ताल वेगळे करून पहिल्याला इलास्टिक, दुसऱ्याला स्लाइस देता येतो. तरी वेगळ्या केलेल्या आवाजाला ढोलकीचा अंश चिकटून राहतो आणि ताणल्यावर तो कुजबुजल्यासारखा उघडा पडतो. अशा वेळी मी तरी वेगवाढ दहा टक्क्यांच्या आत ठेवून सरळ रिसॅम्पल करण्याच्या बाजूचा आहे. सूर फार तर दीड-पावणेदोन पट्ट्या चढतो, पण ढोलकी ढोलकीच राहते.