आधी करार, मग कंपनी

सकाळी ७.१५
ब्रिटनचं नवं करवर्ष ६ एप्रिलला लागतं आणि त्या दिवसांत माझा फोन माझ्याआधी उठतो. आजचा पहिला आवाज मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीतून आला. "ताई, कॅनरी व्हार्फला एका बँकेत काम मिळतंय. रोजचे ५०० पौंड. लिमिटेड काढू की अंब्रेलात जाऊ?"

हॅरोतल्या माझ्या छोट्या अकाउंटन्सी ऑफिसात याच प्रश्नाची वर्दळ जास्त. विचारणारे बहुतेक पुण्या-नाशिकहून आलेले आयटीवाले. माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो : "काम इनसाइड आहे की आउटसाइड?" त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, एजन्सीकडून स्टेटस डिटरमिनेशन स्टेटमेंट मागव, मग बोलू.

सकाळी ८.३०
नव्या असिस्टंटला 'आयआर३५' समजावून सांगायचं होतं. १९९९च्या अर्थसंकल्पाबरोबर निघालेल्या एका प्रसिद्धिपत्रकाचा हा क्रमांक; नियम २००० पासून लागू झाला. माणूस बिल स्वतःच्या कंपनीच्या नावानं लावत असला, तरी कामावर नोकरासारखाच राबत असेल तर त्यानं करही नोकरासारखाच भरावा, एवढाच त्याचा मथितार्थ. तसं काम म्हणजे इनसाइड, खऱ्या स्वतंत्र धंद्याचं काम म्हणजे आउटसाइड.

पूर्वी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. २०१७ पासून सरकारी खात्यांत आणि २०२१ पासून खासगी क्षेत्रातही ते काम देणारा ठरवतो. अपवाद मुख्यतः छोट्या कंपन्यांचा. कर चुकला तर आपल्या गळ्यात नको, म्हणून कित्येक बँकांनी लिमिटेडवाल्यांना दारच बंद केलं.

सकाळी ९.४५
कॅनरी व्हार्फच्या बँकेचं स्टेटस स्टेटमेंट आलं : इनसाइड. म्हणजे लिमिटेड काढण्यात हशील नाही. कंपनीच्या खात्यात पैसे येण्याआधीच पगारासारखा कर कापला जाणार आणि वर कंपनीचे हिशेब ठेवायचा खर्च आपला. मी त्याला अंब्रेलाचा हिशेब मांडून पाठवला. अंब्रेला म्हणजे कागदोपत्री आपली नोकरी देणारी कंपनी. एजन्सीचे पैसे तिच्याकडे जातात आणि ती आपल्याला पगार देते.

आठवड्याचे २,५०० पौंड आले असं धरू. अंब्रेलाची फी समजा २० पौंड. उरलेल्या २,४८० मधून मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स (१५ टक्के) आणि अर्ध्या टक्क्याची अप्रेंटिसशिप लेव्ही निघते. हातात पगार म्हणून उरतात साधारण २,१६० पौंड. पेन्शन घेतली तर आणखी कमी. सुट्टीचे पैसेही यातलेच, आणि त्याचा स्वतःचा इन्कम टॅक्स तर यानंतर सुरू होतो. "म्हणजे मालकाचा कर मीच भरायचा?" त्याचा आवाज चढला. हो, व्यवहारात तसंच. म्हणून इनसाइड कामाला रेट चढवूनच मागायचा. एजन्सीनं आधी की इन्फर्मेशन डॉक्युमेंट द्यायला हवं. त्यात हे सगळे आकडे असतात.

सकाळी ११.००
स्लाउहून एक जोडपं आलं. स्किल्ड वर्कर व्हिसावर असताना नवऱ्याची नोकरी स्पॉन्सर कंपनीला बांधलेली होती. आता आयएलआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला, म्हणून कॉन्ट्रॅक्टिंगचा विचार. काम छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं, आउटसाइड. इथे लिमिटेडचा विचार खरोखर करण्यासारखा.

मी फायदे-तोटे एकाच दमात सांगितले. वर्षाला ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स, त्यापुढे दर चढत जाऊन २,५०,००० च्या वर २५ टक्के. उरलेल्यातून डिव्हिडंड घेतला तर पहिले ५०० पौंड करमुक्त. नंतर या एप्रिलपासून १०.७५ टक्के आणि वरच्या टप्प्यात ३५.७५ टक्के. उलाढाल ९०,००० पौंडांच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी. "सगळा नफा यंदाच काढायला हवा असं नाही," मी म्हटलं. "कंपनीत ठेवा. दोन कामांच्या मधे तीन महिने बसायची वेळ आली तर तोच पैसा घर चालवतो." अंब्रेलात ही सोय नाही; काम थांबलं की पगार थांबला.

बायकोनं विचारलं, "माझ्या नावावर शेअर ठेवले तर?" चालतात. २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं आर्क्टिक सिस्टिम्सच्या खटल्यात नवरा-बायकोच्या बाजूनं निकाल दिला. पण शेअर पूर्ण हक्कांचे हवेत. नुसता डिव्हिडंड वळवण्यापुरते नकोत.

दुपारी १.००
डब्यात मटकीची उसळ. शेजारी त्याच जोडप्याचा करार.

दुपारी १.३०
तो वाचायला घेतला. काम देणारी कंपनी छोटी, म्हणून इथे आउटसाइड ठरवण्याची जबाबदारी नवऱ्याच्या स्वतःच्या कंपनीवर. तीन गोष्टी बघते. आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का? काम कसं आणि केव्हा करायचं हे कोण सांगतं? आणि पुढचं काम द्यायला ते, घ्यायला हा बांधील आहे का? माणूस बदलण्याचं कलम छान होतं, पण खाली बारीक ओळ : रोज साडेनऊच्या मीटिंगला हजेरी, रजेला मॅनेजरची मंजुरी. करार आउटसाइड म्हणतो, वागणूक इनसाइडची आहे. आयकरवाले वागणूक बघतात. ही ओळ काढून घ्या आणि काम तसंच चालतंय याचे ईमेल ठेवा, असं कळवलं.

दुपारी ३.००
एकानं जाहिरात पाठवली : "अंब्रेलात या, ८५ टक्के घरी न्या." सरळ मार्गानं या पगारात ८५ टक्के घरी जातच नाहीत. अशा ठिकाणी पगाराचा मोठा भाग 'कर्ज' म्हणून देतात, म्हणजे कागदावर त्यावर कर लागत नाही. याच युक्तीपायी २०१९च्या लोन चार्जमध्ये हजारो जणांच्या दारात जुन्या कराचं बिल आलं आणि वसुली कर्ज देणाऱ्यांकडून नव्हे, घेणाऱ्यांकडून झाली. या एप्रिलपासून अंब्रेलानं कर बुडवला तर एजन्सीही जबाबदार धरली जाते. त्यामुळे एजन्सीच्या यादीत कोण बसतं, याची चाळणी आता घट्ट होईल.

दुपारी ४.१५
रेडिंगहून एकीचा फोन. ती अंब्रेलात आहे आणि दिवस गेलेत. तिला लिमिटेडमध्ये यायचं होतं. म्हटलं, आत्ता अजिबात नको, अंब्रेलाही बदलू नकोस. प्रसूती वेतनासाठी तारखेच्या पंधरा आठवडे आधी त्याच मालकाकडे २६ आठवडे भरलेले लागतात. पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात. लिमिटेडमध्ये पगार मुद्दाम कमी ठेवतात, मग ९० टक्केही त्या कमी पगाराचेच.

संध्याकाळी ५.३०
एक लिमिटेड बंद करायचं पत्र तयार केलं. साठलेले पैसे २५,००० पौंडांच्या आत असतील तर ते भांडवली नफा म्हणून काढता येतात. मात्र दोन वर्षांत तसलाच धंदा पुन्हा सुरू केला आणि कर वाचवायलाच हे केलं असं दिसलं, तर तो डिव्हिडंड धरतात. त्याला विचारलं, "परत कॉन्ट्रॅक्टिंग करणार का?" तो म्हणाला, "बघू." बघू असेल तर घाई नको.

संध्याकाळी ६.३०
दिवसाची बिलं करताना एक गोष्ट मी कुणापासून लपवत नाही. कुणी लिमिटेड काढली तर मला दरमहा फी मिळते. अंब्रेलात गेला तर काही नाही. अंब्रेलाचं बरोबर उलटं, आणि एजन्सीला सोयीच्या अंब्रेलाच हव्या असतात. तेव्हा आम्हा तिघांचा सल्ला घ्यायचा तो हातात करार धरूनच. कंपनी कुठली ते तोच सांगतो, आणि त्याला कुणाकडून कमिशन नाही.