एवढं पाणी, मग डास कुठे गेले?

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही तिघं माझ्या भावाकडे फ्लोरिडाला गेलो होतो. फ्लोरिडाला जायचं आणि ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड बघायचं नाही, हे आमच्या लेकीला मान्यच नव्हतं. तिचं वय नऊ. त्याच्या आधीच्या सप्टेंबरमध्ये तिला डेंग्यू झाला होता. पाच दिवस ताप, मग दवाखान्यात सलाईन, आणि रोज सकाळी प्लेटलेट्सचा आकडा येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. त्यामुळे प्रवासात माझ्या पर्समध्ये पासपोर्टच्या शेजारी डासांच्या मलमाची ट्यूब होती. नवरा हसला, पण ट्यूब राहिली.

संध्याकाळी आम्ही मॅजिक किंगडममधून परत यायला मोठ्या फेरीबोटीत बसलो. समोर अथांग तलाव, काठाला दाट झाडी, हवा आपल्या कोकणासारखी दमट. मी सवयीने लेकीच्या हाताला मलम लावू लागले. तिने हात मागे घेतला आणि विचारलं, "आई, इथे एवढं पाणी आहे, मग डास कुठे गेले?"

मी आजूबाजूला पाहिलं. खरंच, दिवसभरात एकही डास चावल्याचं आठवत नव्हतं. आमच्या हैदराबादच्या बाल्कनीत संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहवत नाही, आणि इथे दलदलीच्या मुलखात माणसं अर्ध्या चड्ड्या घालून आइस्क्रीम खात फिरत होती. लेकीला उत्तर देता आलं नाही. बोटीवर नाव लिहिलेलं होतं, 'जनरल जो पॉटर'. ते वाचून मला वाटलं, असेल कुठल्यातरी लढाईतला सेनापती. भावाच्या घरी जाऊन शोधलं, तेव्हा कळलं की लेकीच्या प्रश्नाचं उत्तर त्या नावातच होतं.

वॉल्ट डिस्नेने १९६०च्या दशकात इथे सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली, तेव्हा तिच्यातला मोठा भाग पाणथळ होता. अशा जागी लाखो पाहुणे बोलवायचे तर आधी पाण्याचा बंदोबस्त हवा. विल्यम पॉटर, ज्यांना सगळे 'जो' म्हणत, हे अमेरिकन सैन्यातले अभियंते. न्यूयॉर्कच्या १९६४-६५च्या जागतिक प्रदर्शनात त्यांची आणि डिस्नेची ओळख झाली आणि १९६५मध्ये ते डिस्नेकडे कामाला आले. त्याआधी, १९५६ ते १९६० या काळात, ते पनामा कालव्याच्या प्रदेशाचे गव्हर्नर होते. डासांच्या बाबतीत पनामासारखी शाळा जगात दुसरी नाही!

पॉटर यांच्या देखरेखीखाली त्या जमिनीत ४० मैलांहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. लोक त्यांना गमतीने 'जोचे चर' म्हणत. हे कालवे सरळसोट नाहीत, नदीसारखे वळणं घेत जातात. त्यांच्यावर तरंगत्या भागाने आपोआप उघडणारी दारं आहेत. पाणी वाढलं की दार उचललं जातं, उतरलं की मिटतं. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. उद्देश दोन : पुराचं पाणी चढू द्यायचं नाही, आणि पाणी एका जागी साचून राहू द्यायचं नाही. डासाच्या मादीला अंडी घालायला शांत पाणी लागतं. वाहत्या, हलत्या पाण्यात तिच्या अळ्या टिकत नाहीत. म्हणून तिथे जागोजागी दिसणारी कारंजी आणि धबधबे नुसते शोभेचे नाहीत. इमारतींवर पावसाचं पाणी थांबू नये, याचाही विचार केलेला असतो.

पण नुसत्या कालव्यांवर भागत नाही. तिथे रोज पहारा असतो. ठिकठिकाणी डासांचे सापळे लावलेले असतात. आपल्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर डास माणसापर्यंत पोचतो, म्हणून सापळ्यातही तोच वायू सोडतात. सापडलेले डास मोजतात, कुठल्या जातीचे आहेत ते बघतात आणि मग कुठे काय करायचं ते ठरवतात. अळ्या असतील तिथे त्यांची वाढ थांबवणारं औषध वापरतात, म्हणजे अळीचा डास होतच नाही. धूर आणि फवारे हा पहिला उपाय नाही.

लेकीला सगळ्यात आवडल्या त्या पहारेकरी कोंबड्या. हो, कोंबड्या! वेस्ट नाईलसारखा विषाणू असलेला डास कोंबडीला चावला, तर कोंबडी आजारी पडत नाही, पण तिच्या रक्तात त्या विषाणूशी लढणारे घटक तयार होतात. म्हणून ठराविक दिवसांनी कोंबड्यांचं थोडं रक्त तपासतात. रोग माणसांपर्यंत पोचण्याआधीच कुठल्या भागात तो आलाय हे समजतं. डिस्नेच नव्हे, फ्लोरिडातले अनेक जिल्हेही वर्षानुवर्षं हा उपाय वापरतात.

एवढं करूनही तिथे डास अजिबात नाहीत असं कुणी समजू नये. २०१६मध्ये फ्लोरिडात झिकाची साथ आली, तेव्हा डिस्नेनेही पाहुण्यांना डास पळवणारं मलम फुकट वाटलं होतं. डास कायमचा जात नाही, तो फक्त आटोक्यात ठेवता येतो. आणि तेही रोज काम केलं तरच.

पॉटर ज्या पनामात राहून आले, तिथला धडा मात्र मला जास्त लागला. १८८१मध्ये फ्रेंचांनी तिथे कालवा खणायला घेतला आणि १८८९मध्ये हात टेकले. पिवळा ताप, हिवताप आणि इतर कारणांनी सुमारे २० हजार माणसं गेली. रोग डासांमुळे होतो हे तेव्हा त्यांना ठाऊकच नव्हतं. दवाखान्यात मुंग्या चढू नयेत म्हणून ते रुग्णांच्या खाटांच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवत. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात दुधाच्या जाळीच्या कपाटाखाली असायच्या ना, तशीच! डासांची पैदास रुग्णाच्या खाटेखालीच चालली होती. पुढे अमेरिकनांनी काम हाती घेतलं. १९०४मध्ये डॉक्टर विल्यम गोर्गस आले. त्यांनी साचलेलं पाणी काढून टाकलं, जिथे काढता येईना तिथे तेल ओतलं, खिडक्यांना जाळ्या लावल्या, आणि घरात पिंपं भरून ठेवायला लागू नयेत म्हणून नळाचं पाणी आणलं. दोनेक वर्षांत तिथला पिवळा ताप हटला. १९१४मध्ये कालवा सुरू झाला.

हिवतापाचा डासांशी संबंध आहे हे गोर्गसना कुणी सांगितलं? हैदराबादकर मंडळींना उत्तर माहीत असायला हवं. २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. हुसैन खान नावाच्या रुग्णाने दर चाव्यामागे एक आणा घेऊन डासांना स्वतःचं रक्त पिऊ दिलं, म्हणून तो शोध लागला. त्याची आठवण म्हणून २० ऑगस्टला जगभर डास दिन पाळतात. बेगमपेटच्या ज्या जुन्या इमारतीला आज रॉस यांचं नाव आहे, तिच्यावरून मी शेकडो वेळा गेले आहे. आत कधी डोकावले नाही. एक गोष्ट कळायला अर्धं जग ओलांडून जावं लागलं!

परत आल्यावर मी बाल्कनीत गेले. लेकीच्या आजारपणात आम्ही सोसायटीशी किती भांडलो होतो. गच्चीवरची टाकी उघडी का, धुराची गाडी का येत नाही, म्हणून. गाडी आली, धूर झाला, आम्हाला बरं वाटलं. पण धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत. आणि डेंग्यूचा डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि जन्मला तिथून फार लांब जात नाही.

बाल्कनीच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी चिमण्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं होतं. ते रोज सकाळी त्यात वरून तांब्याभर पाणी घालतात. मी वाकून पाहिलं. तळाशी बारीक अळ्या वळवळत होत्या.

मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. मागच्या सप्टेंबरमध्येही हे भांडं इथेच होतं. नातीच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावरून न हललेल्या माणसाला हे कसं सांगायचं? शेवटी सांगितलं लेकीनेच, पण तिच्या पद्धतीने. "आजोबा, आपण जनरल पॉटर होऊ या का?" असं म्हणून तिने त्यांना खाटेखालच्या भांड्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळं ऐकवलं. ते गप्प झाले. भांड्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे मी नुसतंच वरून पाणी घालत होतो." मी म्हटलं, "बाबा, आम्हीही कुठे बघितलं होतं?" फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि मनी प्लँटच्या बाटलीतही अळ्या निघाल्याच होत्या, आणि त्या दोन्ही माझ्या खात्यातल्या.

आता दर शुक्रवारी आजोबा आणि नात घरभर फेरी मारतात. शुक्रवारच का, तर अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी काढलं तर ती साखळी तुटते. पण नुसतं पाणी ओतून चालत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून भांडं काथ्याने घासायचं. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजचा ट्रे, गच्चीवरचे जुने टायर आणि नारळाच्या करवंट्या हेही त्यांच्या यादीत आहे. यंदाच्या पावसाळ्यात शेजारची दोन मुलंही त्यांच्या मागे फिरू लागली.

चिमण्यांचं भांडं काढलेलं नाही. ते तिथेच आहे, फक्त शुक्रवारी घासलं जातं. आणि सासरे रोज सकाळी त्यात पाणी घालायच्या आधी कालचं ओतून देतात.