तुमच्या दुकानाचं मिशन काय, बॉस?

रोज सकाळी कार्ड स्वाइप करून तुम्ही ऑफिसात शिरता, तेव्हा रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक परिच्छेद लटकत असतो. त्यात ‘एक्सलन्स’ असतं, ‘इनोव्हेशन’ असतं आणि ‘कस्टमर डिलाइट’ तर असतंच असतं. आता डोळे मिटा आणि त्यातलं एक अख्खं वाक्य आठवून दाखवा. नाही ना जमत? टेन्शन नॉट! ज्यानं ते लिहिलं, त्यालाही बहुधा जमणार नाही.

यालाच म्हणतात मिशन स्टेटमेंट. १९९६ च्या ‘जेरी मग्वायर’मध्ये टॉम क्रूझ रात्रभर जागून ते लिहितो. कमी क्लायंट घेऊ, पण त्यांच्याकडे नीट लक्ष देऊ, असा त्याचा फंडा. सहकारी टाळ्या वाजवतात आणि थोड्याच दिवसांत त्याची नोकरी जाते! सिनेमाचं सोडा, पण यात एक गोम आहे. खऱ्या मिशन स्टेटमेंटची किंमत मोजावी लागते. जे फुकटात पाळता येतं, ती नुसती सजावट.

मोठ्यांच्या गोष्टी

जॉन्सन अँड जॉन्सनचं ‘क्रेडो’ घ्या. रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी ते १९४३ मध्ये लिहिलं. त्यात पहिली जबाबदारी डॉक्टर, नर्स, रुग्ण आणि आयांची. शेअरहोल्डरांचा नंबर चक्क शेवटी! १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि सात जणांचा जीव गेला. कंपनीनं देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. आणि पुढे याच कंपनीवर टाल्कम पावडरवरून हजारो खटलेही झाले. म्हणजे वाक्य एकदा लिहिलं की काम संपत नाही.

आपल्याकडची उदाहरणंही काही कमी नाहीत. मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये, निवृत्तीनंतर, ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. ध्येय एकच : टाळता येण्याजोगं अंधत्व दूर करणं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. त्याचंच पुढे ‘लिज्जत’ झालं.

आणि आमचं पुणं? आम्ही तर या विषयाचे जुने मास्टर! ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी वाचून तुम्ही हसता. पण बघा, चारच शब्दांत मालकानं आपण काय करणार नाही ते सांगून टाकलंय. कन्सल्टंटची फी वाचली!

आमच्या किचनमधली परीक्षा

हे सगळं मी नुसतं वाचून सांगत नाहीये. कोथरूडला माझी मावसबहीण डबे करते. साठ डबे, तीन मावशी, दोन डिलिव्हरीवाली मुलं. नोकरी सांभाळून मी शनिवार-रविवार तिचा हिशेब बघतो. किचनसाठी कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, ‘ताई, आधी आपण काय करतोय ते एका वाक्यात लिहू या.’

भाच्यानं मोबाइलवर एआयला विचारलं. पाच सेकंदांत गुळगुळीत परिच्छेद हजर : दर्जा, विश्वास, आरोग्यपूर्ण अनुभव वगैरे. ताईनं वाचला आणि म्हणाली, ‘अरे, हा सिमेंट कंपनीलाही चालेल की!’

मग आम्ही उलटं विचारायला लागलो. डबा कुणासाठी? घरापासून लांब राहणाऱ्या नोकरदारांसाठी. ते आपल्याकडेच का येतात? रोज खाल्लं तरी बाधत नाही म्हणून. आपण काय कधीच करणार नाही? आदल्या रात्रीचं देणार नाही. आठवडाभर खाडाखोड करून हे तयार झालं :

‘घरापासून लांब राहणाऱ्यांना त्याच दिवशी सकाळी केलेलं, रोज खाल्लं तरी बाधणार नाही असं जेवण, दुपारी एकच्या आत.’

कागद ओट्याच्या वरच चिकटवला.

चार महिन्यांनी हिंजवडीतल्या एका कंपनीकडून विचारणा आली. रोज अडीचशे डबे, पण साडेदहाला गेटवर हजर. म्हणजे भाज्या रात्रीच करून ठेवायच्या. भावजींनी कर्जाच्या हप्त्याचा आकडा समोर ठेवला आणि त्यांचं चूक नव्हतं. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातोच. तासभर वाद झाला. शेवटी पोळ्या लाटता लाटता मावशींनी विचारलं, ‘ताई, मग ते सकाळचं लिहिलंय ते खोडू का?’

किचनमध्ये एकदम शांतता.

आम्ही कंपनीला कळवलं : ऐंशी डबे देऊ, सकाळी केलेले, एकच्या आत. त्यांनी नाही म्हटलं. दुसरी स्कूटर घ्यायचं पुढं ढकललं, ताईनं दोन महिने स्वतःसाठी एक पैसाही काढला नाही. निर्णय बरोबर होता का? हिशेबाच्या वहीत अजून त्याचं उत्तर नाही. पण आमचा व्यवसाय नक्की कोणता, हा वाद मात्र त्यानंतर घरात झालेला नाही.

तुमचं वाक्य असं घासून बघा

● केक, हँडमेड दागिने, फ्रीलान्स डिझाइन, काहीही करा. आधी ‘कुणासाठी’ ते लिहा. ‘सगळ्यांसाठी’ हे उत्तर बाद!

● वाक्य उलटं करा. ‘आम्ही दर्जेदार सेवा देतो’च्या उलट ‘आम्ही भिकार सेवा देतो’ असं कुणी म्हणेल का? नाही ना? मग ते वाक्य काहीच सांगत नाही. ‘आदल्या रात्रीचं देणार नाही’ला मात्र अर्थ आहे, कारण रात्रीचं देणारे खूप आहेत.

● मिशन आणि व्हिजनची खिचडी नको. दहा वर्षांनी कुठे पोचायचंय, ते व्हिजन. आज सकाळी काय करायचंय, ते मिशन.

● एका दमात म्हणता आलं पाहिजे. दम लागला तर काटा.

● त्या वाक्यामुळे कुठल्या ऑर्डरला नाही म्हणाल, याचं एक तरी उदाहरण द्या. सुचत नसेल, तर पुन्हा लिहा.

● वर्षातून एकदा वाचा. धंदा बदलला असेल तर वाक्य बदला, पण ते दिवसाढवळ्या, सगळ्यांना सांगून.

आणि लास्ट बट नॉट लीस्ट, फ्रेम करायची घाई नको. जो माणूस खरं काम करतो, त्याला ते आधी वाचून दाखवा. त्यानं ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ असं विचारलं, तर समजा, पेन पुन्हा हातात घ्यायची वेळ झालीये.