आंबा घाटाआधीचा रविवार

सकाळी ७. उद्या आईला घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचंय, म्हणजे आंबा घाट उतरायचाय. आमच्या २००४ च्या मारुती ८०० चे पुढचे ब्रेक मात्र आठवडाभर चिरचिरतायत. नवे पॅड कालच आणून ठेवलेत.

८ वाजता मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. चाकं जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक. गाडी उचलायला जॅक, पण पेलायला स्टँडच हवा. शिवाय काढलेलं चाक मी गाडीखाली सरकवून ठेवतो.

९ ला डावी बाजू उघडली. कॅलिपर होजवर लोंबकळू नये म्हणून तारेनं बांधला. पॅड हातात घेतले आणि दचकलो. बाहेरच्यावर चार मिलिमीटर लायनिंग शिल्लक, आतल्यावर जेमतेम एक. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यातली खालची गंजून धरली होती. पिस्टन आतला पॅड दाबत होता, पण कॅलिपर सरकत नसल्यानं बाहेरच्यावर जोर येतच नव्हता. नुसते पॅड बदलले असते, तर नवेही असेच गेले असते. म्हणून तास गेला तरी चालेल, पिन निघालीच पाहिजे. हलके हलके फिरवत काढली, पॉलिश पेपरनं घासली, ब्रेकचंच ग्रीस लावलं. साध्या ग्रीसनं रबर फुगतं. आता ती बोटानं सरकते.

ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पिस्टन सी-क्लॅम्पनं सावकाश आत ढकलला. त्यानं डबीतलं ऑइल वर चढतं. सांडलं तर रंग खातं, म्हणून भोवती फडकं.

११:३०. उजवी बाजू. तिथल्या पिना मोकळ्या होत्या, अर्ध्या तासात काम झालं. एका वेळी एकच बाजू उघडतो, अडलं तर दुसरी बघता येते.

१२:१५. चाकं लावली. लेकीला सीटवर बसवून पेडल दाबायला सांगितलं.

"बाबा, पेडल पार खाली गेलं!"

"जाणारच. पिस्टन मागे गेलेत ना. दाबत राहा."

पाचव्या-सहाव्या दाबाला ते घट्ट झालं. त्याआधी इंजिन सुरू करायचं नाही, हे तिला आजच शिकवलं. मग डबीतलं ऑइल खुणेपर्यंत आहे ना, ते पाहिलं.

दुपारी ४. मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात पंधरा-वीसदा हळूच ब्रेक लावले. आवाज नाही, गाडी बाजूला ओढत नाही. घरी येऊन पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात धरला. सारखीच ऊब.