माळाला ऊन हवे

मंठा तालुक्यात सोयाबीन दोन पानांवर आले की शेतकऱ्याला रात्रीची झोप नसते. हरणांचा कळप एकदा शिवारातून फिरला की कोवळे शेंडे खुडले जातात आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. त्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण हे जनावर मुळात जिथे चरायचे त्या गायरानाचे काय झाले, हेही पाहायला हवे. बऱ्याच ठिकाणी त्यावर वेडी बाभूळ माजली आहे.

आपण ज्याला सरसकट हरीण म्हणतो ते इथले जनावर म्हणजे काळवीट. शास्त्र त्याला कुरंग म्हणते. चितळ-सांबराची फाटे फुटलेली शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. काळविटाच्या नराची पिळदार शिंगे जन्मभर टिकतात. फरक शिंगांपुरता नाही. चितळाला झाडांचा आडोसा लागतो, काळविटाला मोकळा माळ. लांडगा दुरूनच दिसावा आणि मग ताशी ७०-८० किलोमीटरच्या वेगाने पळता यावे, यावरच त्याचा जीव अवलंबून. दाट काटेरी झुडपात त्याला ना दूरचे दिसत, ना धावता येत.

शिवाय सावलीत गवतही टिकत नाही. मारवेल, पवना, कुसळी ही आपल्या माळावरची गवते ज्या रीतीने अन्न बनवतात तिला सी-४ प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती आधी पानात एकवटून घेतात, म्हणून कडक उन्हात आणि थोड्या पाण्यातही जोमाने वाढतात. या एकवटण्याला जास्तीची ऊर्जा लागते आणि ती उन्हातूनच मिळते. वर झाडांची छत्री धरली की खर्च तेवढाच राहतो, कमाई मात्र घटते. अमेरिकेत हरणांसाठी जंगलातली नको असलेली झाडे विरळ करतात, तेही जमिनीवर ऊन पोहोचून खाली कोवळा पाला फुटावा म्हणून. तिथे जंगलात खिडक्या उघडाव्या लागतात. आपल्याकडे माळ पुन्हा माळ करावा लागतो.

वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली, पुढे सरपणासाठी आणि उजाड जमीन हिरवी करण्यासाठी जागोजागी लावली गेली. तिच्या पिवळ्या शेंगा गोड असतात. शेळ्या, गुरे त्या खातात, काळवीटही खाते. बी पोटातून न पचता बाहेर पडते आणि लेंड्यांच्या खतातच रुजते. गुजरातमध्ये वेळावदरला काळविटांसाठी सुमारे ३४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट पुढे आली. विणीच्या हंगामात नर आपापली जागा धरून बसतात आणि पुन्हा पुन्हा तिथेच लेंड्या टाकतात. वेड्या बाभळीचे बी नेमके तिथे साठते. ज्या मोकळ्या जागेवर नर मादीची वाट पाहतो, तिथेच तो नकळत काटेरी रान पेरत असतो. मला या साऱ्या विषयात याहून चटका लावणारे काही आढळलेले नाही.

माळाला पडीक समजून आपण चुका केल्या. माळढोकासाठी १९७९ मध्ये घोषित झालेल्या नान्नज अभयारण्याच्या परिसरातही गिरिपुष्पाची लागवड झाली. उंदीरमारी म्हणतात ती हीच. झाडे लावली म्हणजे निसर्ग वाचला, या समजुतीने गवताळ माळांचे केलेले नुकसान आपण अजून पुरते मोजलेले नाही.

मंठ्यापासून जवळच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या विवरातून वेडी बाभूळ काढण्याचे काम गेल्या काही वर्षांत झाले आहे. हेच गायरानावर करायचे तर नुसती कुऱ्हाड चालवून भागत नाही. बुंधा छाटला की त्याला दहा धुमारे फुटतात आणि एका खोडाचे झुडूप होते. झाड यंत्र लावून मुळासकट उपटावे लागते, तेही शेंगा पिकून गळण्याआधी. बोर, हिवर, पळस, आपली गावठी बाभूळ यांना हात लावायचा नाही. ती विरळच उगवतात आणि त्यांच्याखाली गवत तग धरते. अनेक घरांची चूल वेड्या बाभळीच्या सरपणावर पेटते, म्हणून सगळी जागा एकदम साफ न करता पट्ट्यापट्ट्याने घ्यावी. मोकळ्या पट्ट्यात मारवेलाची ठोंबे लावून दोन पावसाळे चराईबंदी पाळली तर गवत धरते. पुढे त्यातले कापून गोठ्यात नेता येते, उरलेले काळविटाला. कळप त्यामुळे शेतात येणारच नाही, असे मी म्हणणार नाही. पण आज त्याला शेताशिवाय दुसरी वाटच उरलेली नाही.

खरे काम मात्र त्यानंतरचे. पहिल्या पावसानंतर लेंड्यांच्या ढिगांतून वितभर रोपे वर येतात. जमीन ओली असेपर्यंत ती हाताने उपटून येतात. दोन-तीन वर्षे तशीच राहू दिली, तर त्याच जागी पुन्हा यंत्र बोलवावे लागते.