जावाच्या क्रिसची मूठ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जावा बेटावरच्या क्रिस या खंजिराचं नाव निघालं की नागमोडी पातंच डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात जुन्या क्रिसांमध्ये सरळ पाती भरपूर आहेत. वळणं असलीच, तर ती विषम संख्येत मोजतात: 3, 5, 7, 9 अशी.

मला जास्त ओढ आहे ती लाकडी मुठीची. जावानीज भाषेत तिला ‘उकिरान’ म्हणतात, म्हणजे कोरीवकाम. नावावरून वाटतं, मूठ नक्षीनं भरलेली असणार. मध्य जावातली मूठ हातात घेतली तर ती जवळजवळ सगळी गुळगुळीत लागते, किंचित वाकलेली, तळव्यात अलगद बसणारी. नक्षी दोनच जागी, तीही इवलीशी: एक खाली, एक वरच्या वाकणापाशी. पानावेलींच्या त्या गुंत्यात निरखून पाहिलं की चेहऱ्याचा भास होतो. या आकारात मुळात मानवाकृतीच आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. लाकूड तायुमानचं किंवा केमुनिंगचं. केमुनिंग म्हणजे आपल्या बागेतली कुंती!

मूठ आणि पातं एकाच वयाचं, हा समज खरेदीदारांना महागात पडतो. पात्याची बारीक शेपटी कापड किंवा दोरा गुंडाळून मुठीत घट्ट बसवलेली असते, त्यामुळे मूठ काढता-बदलता येते आणि पिढ्यानपिढ्या ती बदललीही गेली. मुठीवरून पात्याचं वय सांगू नये.

काळपट पात्याला विष लावलेलं असतं, असंही ऐकू येतं. तो रंग सोमल आणि लिंबाच्या रसाचा. त्यानं लोखंड काळं पडतं, निकेलचे थर रुपेरी राहतात आणि ‘पामोर’ ही नक्षी उठून दिसते. सोमल विषारी खराच, म्हणून पातं हाताळल्यावर हात धुवावेत. पण तो लावतात पामोरसाठी. हे निकेल नेहमी उल्केतलंच असतं, हेही खरं नाही. प्रम्बानानच्या उल्केचे तुकडे 18व्या शतकाच्या अखेरीस सुराकार्ताच्या राजवाड्यात आले. त्याआधी सुलावेसीतल्या लुवूचं निकेलयुक्त लोखंड वापरलं जाई.

युनेस्कोनं 2005 साली इंडोनेशियाच्या क्रिसला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. असा जुना क्रिस तुमच्या हाती आला, तर कृपा करून पात्याला पॉलिशपेपर आणि मुठीला वॉर्निश लावू नका. लाकडावरची ती झळाळी कित्येक हातांच्या स्पर्शानं आलेली असते. एकदा खरवडली की परत येत नाही.